सायकल शर्यती व सफरी, द्राक्षप्रदेशांतील

सार्वजनिक रस्त्यांवर होणाऱ्या सायकल शर्यती व दूर पल्ल्याच्या सायकलसफरी यांचा इतिहास फ्रान्समधील द्राक्षमळ्यांच्या चढउताराच्या प्रदेशाशी निकटपणे निगडित आहे. बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतीसाठी मैदान मुद्दाम बांधावे लागते. रस्त्यावरील शर्यतीस असे मैदान नसते. तेथे चढ, उतार, वळणे, वारा आणि रस्त्याचा पृष्ठभाग हेच शर्यतीचे मैदान होय. त्यामुळे ज्या मुलखातून शर्यत जाते, त्याची भूरचना, शेती व गावांची मांडणी यांचा ठसा शर्यतीवर उमटतो. फ्रान्समधील बोर्दो, बर्गंडी, बोजोले व शँपेन या प्रदेशांत हा संबंध विशेष स्पष्टपणे दिसतो. महाराष्ट्रात नासिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांतील द्राक्षबागांच्या मुलखात असा संबंध अलीकडच्या काळात जुळू लागला आहे.

उगम : जर्मनीतील कार्ल फोन द्राइस याने १८१७ मध्ये पायाने जमीन रेटत चालवावयाची दुचाकी तयार केली. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पेडल जोडण्यात आले आणि सायकल हे खऱ्या अर्थाने वाहन बनले. पॅरिसजवळील सँ-क्लू येथील उद्यानात ३१ मे १८६८ रोजी झालेली शर्यत पहिली सायकल शर्यत म्हणून परंपरेने ओळखली जाते. त्यानंतर ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस–रूआं ही सु. १२३ किमी. अंतराची शर्यत झाली. एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंत रस्त्याने झालेली ही पहिली महत्त्वाची शर्यत होय. जेम्स मूर या इंग्रज तरुणाने ती दहा तासांहून काही अधिक वेळात जिंकली. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने समान आकाराच्या दोन चाकांची व मागचे चाक साखळीने फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बनविली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी धावेचे एकस्व घेतले आणि १८९१ मध्ये मीशलँ बंधूंनी चाकावरून सहज काढता येणारी धाव प्रचारात आणली. या तीन सुधारणांमुळे शेकडो किलोमीटरचा प्रवास सायकलवरून करणे शक्य झाले.

रस्त्यांची सिद्धता त्याआधीच झालेली होती. फ्रान्समध्ये पूल व रस्ते यांचे शासकीय अभियांत्रिकी दल १७१६ मध्ये स्थापन झाले होते, तर १८३६ च्या कायद्यान्वये गावोगावच्या रस्त्यांची बांधणी व देखभाल ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरली. द्राक्षमळ्यांच्या गावांना या कायद्याचा विशेष लाभ झाला. वाइनची पिंपे बैलांच्या वा घोड्यांच्या गाड्यांतून बंदरापर्यंत किंवा रेल्वे स्थानकापर्यंत न्यावी लागत. त्यामुळे गावांना जोडणारे अरुंद पण पक्के रस्ते उतारांवर सर्वत्र पसरले. पुढे सायकलस्वारांना हेच रस्ते आयते मिळाले.

बोर्दो–पॅरिस शर्यत : द्राक्षप्रदेशात उगम पावलेली पहिली मोठी शर्यत म्हणजे मे १८९१ मध्ये सुरू झालेली बोर्दो–पॅरिस शर्यत होय. बोर्दो हे वाइनच्या निर्यातीचे प्राचीन बंदर. तेथील एका सायकलविषयक नियतकालिकाने ही शर्यत योजिली. सु. ५७२ किमी. अंतर इंग्लंडच्या जी. पी. मिल्स याने सु. साडेसव्वीस तासांत तोडले. पहिले चारही क्रमांक इंग्रज हौशी स्पर्धकांनी मिळविले. स्पर्धक वाटेत रात्रीचा मुक्काम करतील अशी संयोजकांची कल्पना होती. प्रत्यक्षात विजेता न झोपता पॅरिसला पोहोचला. मानवी शरीर इतका दीर्घ श्रम सलगपणे सोसू शकते, ही गोष्ट लोकांना या शर्यतीने पटवून दिली.

याच सुमारास फ्रान्समधील द्राक्षशेती मोठ्या आपत्तीतून जात होती. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने १८६० नंतर देशातील द्राक्षमळ्यांचा मोठा भाग उद्‌ध्वस्त केला. अखेरीस अमेरिकन खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधून मळे पुन्हा उभे करण्यात आले. शर्यतींचा उदय आणि मळ्यांची पुनर्लागवड यांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि आज सायकलस्वारांना उतारांवर दिसणाऱ्या वेलींच्या सरळ, आखीव ओळी बव्हंशी या पुनर्लागवडीनंतरच्या आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. जे दृश्य सनातन वाटते ते एका पिढीने कष्टाने नव्याने उभे केलेले आहे.

भूस्वरूप व शर्यतीचे तंत्र : वाइनसाठी लावलेली द्राक्षवेल सपाट व पाणथळ जमिनीपेक्षा निचऱ्याच्या उतारावर चांगली येते. बर्गंडीतील कोत दॉर ही द्राक्षमळ्यांची पट्टी दीझाँपासून दक्षिणेस सु. ५० किमी. लांब असून रुंदीने फार थोडी आहे. माथ्यावर रान, पूर्वाभिमुख उतारावर वेली आणि खाली मैदानात इतर पिके अशी तेथील सर्वसाधारण रचना आहे. गावे एकमेकांपासून दोन-तीन किमी.वर, उताराच्या कडेने वसलेली आहेत. शँपेनमध्ये खडूच्या, तर बोजोलेच्या उत्तर भागात ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत. अशा मुलखात सायकलस्वारास आल्प्स वा पिरेनीजमधील दीर्घ घाट लागत नाहीत; त्याऐवजी एक-दोन किमी.चे चढ व तितकेच उतार एकामागून एक येत राहतात.

या रचनेचा शर्यतीच्या डावपेचांवर परिणाम होतो. सपाट रस्त्यावर स्वाराच्या शक्तीचा मोठा भाग हवेच्या विरोधावर खर्च होतो. दुसऱ्याच्या मागे चिकटून गेल्यास ही शक्ती सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांशाने वाचते; म्हणूनच स्पर्धक जथ्याने जातात. चढावर वेग कमी होतो, हवेचा विरोध घटतो आणि स्वतःचे वजन वर नेण्याचे श्रम प्रत्येकास स्वतःच करावे लागतात. लांब घाटात बलवान स्वार उघडपणे पुढे निसटतो. लहान चढांच्या मुलखात मात्र जथा एकदम फुटत नाही. प्रत्येक चढागणिक थोडा थोडा झिजतो. त्यामुळे येथे निव्वळ घाट चढणारा किंवा निव्वळ वेगाने धावणारा स्वार यशस्वी होईलच असे नाही. वारंवार वेग वाढविण्याची व लगेच सावरण्याची क्षमता असणारा स्वार येथे वरचढ ठरतो.

सायकलीच्या गतिबदल यंत्रणेचा विकासही चढउताराच्या प्रदेशाचाच परिणाम होय. सँतेत्येन येथील पॉल द व्हीव्ही (१८५३–१९३०) याने ‘व्हेलोस्यो’ या टोपणनावाने सायकलसफरीचा प्रसार केला आणि अनेक गतींच्या सायकलीचा सातत्याने पुरस्कार केला. लहान दंतचक्र वापरून चढ सावकाश पण न थकता चढावा, असे त्याचे म्हणणे होते. शर्यतींच्या संयोजकांना मात्र ही सोय दुबळेपणाची वाटे. तूर द फ्रान्स शर्यतीत साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी यंत्रणा सर्व स्पर्धकांना वापरण्यास १९३७ मध्ये परवानगी मिळाली. सामान्य प्रवाशाच्या उपयोगाची गोष्ट सर्वोच्च शर्यतीत इतक्या उशिरा पोहोचली, ही या खेळाच्या इतिहासातील लक्षणीय बाब आहे.

तूर द फ्रान्स : आंरी देग्रांझ (१८६५–१९४०) हा ‘लोटो’ या क्रीडाविषयक दैनिकाचा संपादक होता. दैनिकाचा खप वाढविण्यासाठी त्याने १९०३ च्या जुलैमध्ये देशाला वळसा घालणारी शर्यत सुरू केली. पहिल्या शर्यतीत सहा टप्पे व एकूण सु. २,४२८ किमी. अंतर होते. लियाँ, मार्से, तूलूझ, बोर्दो व नांत ही टप्प्यांची शहरे होती. साठ स्पर्धकांपैकी एकवीसांनी शर्यत पुरी केली आणि मॉरिस गारँ विजयी झाला. आघाडीवरील स्पर्धकास पिवळा सदरा देण्याची प्रथा १९१९ मध्ये पडली. दोन महायुद्धांच्या काळात शर्यत बंद होती. पहिल्या वर्षापासून टप्प्याचे ठिकाण असलेले बोर्दो हे पॅरिसखालोखाल सर्वाधिक वेळा या शर्यतीचे यजमान ठरले आहे.

द्राक्षप्रदेश व शर्यत यांच्या संबंधातून काही आख्यायिकाही निर्माण झाल्या. १९५० मध्ये अब्देल-कादेर झाफ हा अल्जीरियन स्पर्धक दक्षिण फ्रान्समधील पेर्पीन्याँ–नीम या टप्प्यात आघाडीवर असता कडक उन्हाने कोसळला. मळ्यांतील लोकांनी त्यास शुद्धीवर आणण्यासाठी वाइन शिंपडली आणि तो पुन्हा सायकलवर बसून उलट दिशेने निघाला, असे सांगतात. तो मद्यपान करीत नसे. तरीही ‘मद्यधुंद स्वार’ अशी त्याची प्रतिमा वृत्तपत्रांनी रूढ केली. वसाहतीतून आलेल्या खेळाडूकडे तत्कालीन समाज कसा पाहत असे, याचे हे एक उदाहरण होय.

एकविसाव्या शतकात द्राक्षमळ्यांतील टप्पे मुद्दाम योजिले जाऊ लागले. २०१७ मध्ये न्वी-सँ-झॉर्झ येथे संपलेल्या टप्प्यात मार्सेल किटेल याने अवघ्या ६ मिमी. अंतराने विजय मिळविला. २०१९ मध्ये एपर्ने येथील टप्पा शँपेनच्या उतारांवरून गेला व झुल्याँ आलाफिलिप याने तो जिंकला. २०२१ मध्ये लीबूर्न–सँतेमील्याँ ही ३०·८ किमी.ची वैयक्तिक कालशर्यत वॉट व्हान आर्ट याने जिंकली. २०२४ मध्ये न्वी-सँ-झॉर्झ–झव्रे-शांबेर्तँ या २५·३ किमी.च्या कालशर्यतीत रेम्को एव्हेनपूल विजयी झाला. त्याच वर्षी त्र्वा शहराभोवतीच्या टप्प्यात मळ्यांमधील पांढऱ्या खडीच्या वाटांचे चौदा भाग होते. अशा वाटांवर चाक पंक्चर होण्याचा वा घसरण्याचा धोका अधिक असल्याने त्यांच्या उपयोगाबद्दल मतभेद झाले. २०२२ मध्ये नव्याने सुरू झालेल्या महिलांच्या तूर द फ्रान्स शर्यतीतही एपर्ने आणि बार-स्यूर-ओब येथील टप्पे शँपेनच्या मळ्यांतून गेले.

या निवडीमागे आर्थिक कारणे आहेत. फ्रान्समध्ये १९९१ च्या एव्हँ कायद्याने मद्याच्या जाहिरातींवर कडक निर्बंध घातले व मद्य-उत्पादकांना क्रीडास्पर्धांचे प्रायोजक होण्यास मनाई केली. परंतु झव्रे-शांबेर्तँ, न्वी-सँ-झॉर्झ किंवा सँतेमील्याँ ही गावांची नावे आहेत, तशीच ती वाइनचीही नावे आहेत. टप्प्याच्या निमित्ताने गावाचे नाव जगभर उच्चारले गेले, की त्याबरोबर वाइनचीही प्रसिद्धी होते. शिवाय शर्यत जुलैत होते, तर तोड सामान्यतः ऑगस्टअखेर वा सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्यामुळे प्रेक्षकांना हिरवे, शांत मळे दिसतात. तोडणीसाठी येणारे हंगामी मजूर व त्यांचे श्रम या चित्रात येत नाहीत.

सायकलसफर : शर्यतीबरोबरच क्रमांक न लावता ठराविक वेळेत अंतर पुरे करण्याची परंपराही फ्रान्समध्ये वाढली. १८९१ मध्येच झालेली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सु. १,२०० किमी.ची शर्यत शार्ल तेराँ याने जिंकली. पुढे तिचे रूपांतर हौशी स्वारांच्या सफरीत झाले. ती आता दर चार वर्षांनी होते व तिच्यासाठी कमाल ९० तासांची मुदत असते. पात्रतेसाठी २००, ३००, ४०० व ६०० किमी.च्या सफरी अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस व चाळीस तासांत पुऱ्या कराव्या लागतात. निवांत पर्यटकांसाठी बर्गंडीत १९९७ मध्ये जीव्ह्री–क्ल्युनी या बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागी केवळ सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठी मार्ग तयार करण्यात आला. बोन ते सांतने या दरम्यान मळ्यांच्या वाटांवरून असाच मार्ग आहे. बर्गंडीतील मळ्यांचे विभाग व शँपेनचे उतार यांना २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादीत स्थान मिळाल्यानंतर या पर्यटनास आणखी चालना मिळाली.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात सायकल प्रथम शहरी हौसेची वस्तू म्हणून आली आणि पुढे ती कामकऱ्यांचे वाहन बनली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सु. ७०,००० किमी.चा प्रवास पुरा करून परतले. पुणे हे तर दीर्घकाळ ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जात असे. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने, कॅरिअरला डबा लावून कारखान्यात जाणारे कामगार आणि हँडलला कॅन अडकविलेले गवळी ही त्या शहराची ओळख होती.

रस्त्यावरील शर्यतीत मुंबई–पुणे शर्यतीस महाराष्ट्रात मानाचे स्थान मिळाले. या मार्गावरील बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला होता. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा हा चढ सु. ५०० मी. उंचीचा असून तो प्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्यात येते. फ्रान्समध्ये मळ्यांच्या लहान टेकड्यांनी जे कार्य केले, ते महाराष्ट्रात सह्याद्रीच्या एका घाटाने केले, असे म्हणता येईल.

द्राक्षबागांचा मुलूख या इतिहासात उशिरा आला. महाराष्ट्रातील द्राक्षे मुख्यत्वे खाण्यासाठी व बेदाण्यासाठी पिकविली जातात. वाइनसाठी लागणारा हिस्सा लहान आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणाऱ्या वाइनचे उत्पादन सुरू झाले. नासिक येथे सुला द्राक्षमळ्याची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून विंचूर व पलूस येथे वाइन-उद्यानांची योजना केली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात बारामतीच्या वाटेवरील रोटी येथे व सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही वाइन-निर्मिती सुरू झाली.

फ्रान्सशी तुलना करता हंगामाचा भेद महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी केल्यावर जानेवारी ते एप्रिल या काळात द्राक्षे तयार होतात. सायकल शर्यती व सफरी यांचा सोयीचा काळही हिवाळाच होय. त्यामुळे येथील स्वार भरलेल्या बागांतून, डबे व क्रेट वाहणाऱ्या मजुरांच्या समवेत जातो. फ्रान्समधील जुलैच्या शर्यतीत जे दिसत नाही, ते महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेलाच दिसते.

नासिक हे या चळवळीचे एक केंद्र बनले. तेथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेला आडवे पार करणारी सु. ४,८०० किमी.ची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. नासिकहून पंढरपूरला जाणारी सायकलवारीही सुरू झाली. पायी वारीची शिस्त व सायकलसफरीचा वेग यांचा हा संयोग खास मराठी म्हणावा लागेल. पुणे येथून गोव्यापर्यंतची सु. ६४० किमी.ची शर्यत आणि फ्रेंच नियमांनुसार होणाऱ्या सफरी यांनाही प्रतिसाद मिळाला असून, २०११ पासून भारतीय स्वार पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस सफरीत भाग घेत आले आहेत.

नीरा खोरे : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. सासवड, जेजुरी व मोरगाव यांच्या बाजूने येणारे रस्ते माळरानाच्या लाटांसारख्या चढउतारांवरून नीरेच्या खोऱ्याकडे उतरतात. खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे बागायतीचा पट्टा निर्माण झाला. ऊस हे त्याचे मुख्य पीक. द्राक्षबागा दोन्ही तालुक्यांत, विशेषतः इंदापूरकडे आढळतात. नीरा–बारामती मार्गावरील कोऱ्हाळे बुद्रुक हे या पट्ट्यातील एक गाव. कालव्याच्या वर कोरडवाहू माळ आणि खाली हिरवे रान असा भेद येथे रस्त्याने जाताना स्पष्ट जाणवतो. बर्गंडीत उताराने जसे पिकाचे क्षेत्र ठरविले, तसे येथे कालव्याच्या रेषेने ठरविले आहे. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती व इंदापूर या तालुक्यांतून पंढरपूरला जाते. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या लोकसमूहाचे आतिथ्य करण्याची रीत या मुलखाला अंगवळणी पडलेली आहे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची, एक प्रारंभिक कालशर्यत व चार टप्पे असलेली सु. ४३७ किमी.ची शर्यत झाली. तिचा सर्वांत लांब, सु. १३४ किमी.चा तिसरा टप्पा पुरंदर व बारामती या तालुक्यांत योजिला होता. तीसाठी जिल्ह्यातील रस्त्यांची सुधारणा करण्यात आली आणि गावोगावच्या शाळकरी मुलांना जागतिक दर्जाचे स्वार प्रथमच जवळून पाहावयास मिळाले.

या घटनेने एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे आणला आहे. हिवाळा हा शर्यतीचा, तसाच साखर कारखान्यांच्या गळिताचा हंगाम. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, दुचाकी व मोटारी यांनी गजबजलेल्या रस्त्यावर मंद वाहनास जागा उरत नाही. शर्यतीच्या दिवशी वाहतूक थांबविता येते. इतर दिवशी शाळेला वा शेतावर सायकलने जाणाऱ्यास असे संरक्षण नसते. पुणे शहराने २०१७ मध्ये सायकलींचा सर्वंकष आराखडा स्वीकारला, परंतु शहराची जुनी ओळख तेवढ्याने परत आली नाही. फ्रान्समध्ये शर्यतीचा रस्ता हा मुळात गावाचा रस्ता होता व तो गावाच्या गरजेसाठी बांधला गेला होता. शर्यत त्यावर नंतर आली. महाराष्ट्राच्या द्राक्ष व ऊस यांच्या मुलखात शर्यत प्रथम आली आहे. शर्यतीसाठी सुधारलेला रस्ता रोजच्या सायकलस्वारालाही निर्धास्तपणे वापरता येईल अशी व्यवस्था झाल्यास या खेळाला येथे स्थायी पाया लाभेल.